खेळणाऱ्या लेकीचं कॉलेज



बारावीचा निकाल लागला की आमच्या पद्मनाभपुरात संध्याकाळच्या गप्पांचा विषय ठरलेला असतो. कुणाला किती टक्के पडले, कोण कोचिंग लावणार, कोण नागपूरला जाणार आणि कोण पुण्याला. यंदा मात्र एक वेगळाच प्रश्न आमच्या दारात आला. आमच्याच गल्लीतली एक मुलगी, राज्याच्या शालेय संघातून हॉकी खेळलेली. तिची आई हातात मोबाइल घेऊन आली आणि म्हणाली, "काकू, जरा हे वाचून सांगा ना, नीट आहे का?"

दूरच्या एका खासगी विद्यापीठाचा निरोप होता. फी पूर्ण माफ, होस्टेल आणि जेवण मोफत, वर्षाला दोन किट, बूट-स्टिक त्यांच्याकडूनच. अट एकच, विद्यापीठाच्या संघातून खेळायचं. वाचून मलाही बरं वाटलं. मग मी विचारलं, "आणि शिकायचं काय?" तिच्या आईने फोनवर झालेलं बोलणं जसंच्या तसं सांगितलं: "कोर्स कुठलाही घ्या, बी.ए. सोपं पडतं. क्लासची चिंता करू नका, हजेरी लागून जाते."

आई खूश होती, मुलगी तर त्याहून खूश. मी एकटीच त्या शेवटच्या वाक्यापाशी अडकले. या मुलीला गणितात गोडी आहे. दहावीपर्यंत तर ती धाकट्या भावंडांची शिकवणी घेत असे. 'हजेरी लागून जाते' हे आमिष म्हणून सांगितलं जात होतं आणि आपण सगळे ते सवलत म्हणून ऐकत होतो.

आजचा लेख याच प्रश्नावर आहे. हॉकी खेळणारं मूल तुमच्या घरात नसेल, पण क्रिकेट, कबड्डी, बास्केटबॉल खेळणारं असेल. प्रश्न सगळ्यांचा सारखाच आहे.

आपल्याकडचं हॉकीचं वेड

दुर्ग-भिलाई आणि राजनांदगावच्या पट्ट्यात हॉकी ही काही नवलाई नाही. सबा अंजुम आपल्या दुर्गची. २००२ साली मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय महिला संघात ती होती. पुढे ती भारताची कर्णधार झाली, २०१३ मध्ये तिला अर्जुन पुरस्कार आणि २०१५ मध्ये पद्मश्री मिळाली. छत्तीसगड पोलिसांत ती अधिकारी झाली. अर्ध्या-पाऊण तासावरच्या राजनांदगावला तर हॉकीचं गावच म्हणतात. महंत राजा सर्वेश्वरदास यांच्या स्मरणार्थ होणारी अखिल भारतीय स्पर्धा बघायला तिथे आजही गर्दी लोटते. ३६ वर्षांच्या खंडानंतर भारतीय महिला संघ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये खेळला, त्या संघात राजनांदगावची रेणुका यादव होती. आणखी मागे गेलो तर बिलासपूरला १९२७ साली जन्मलेले लेस्ली क्लॉडियस भेटतात. तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं आणि एक रौप्यपदक, अशी त्यांची कमाई.

तेव्हा या भागात मुलीच्या हातात स्टिक दिसली तर कुणाला आश्चर्य वाटत नाही. ते कौतुकाचंच आहे. अडचण येते ती बारावीनंतर. तोपर्यंत शाळा आणि मैदान जवळजवळ असतात. बारावीनंतर मात्र दोन्ही वेगवेगळ्या दिशांना ओढू लागतात, आणि निर्णय घ्यायला आपल्याला जेमतेम महिनाभर मिळतो.

खेळाडूंना बोलावणारे बदलले

पूर्वी चांगल्या खेळाडूला बोलावणं येई ते खात्यांकडून किंवा कंपन्यांकडून. रेल्वे, सैन्यदल, पोलीस, तेल कंपन्या, विमान कंपन्या. क्लॉडियस बंगाल-नागपूर रेल्वेच्या परंपरेतले, पुढे कस्टम्समध्ये गेले. पुण्याच्या खडकीतला धनराज पिल्ले मोठ्या भावाच्या मागोमाग मुंबईत आला, महिंद्राकडून खेळला आणि मग देशासाठी चार ऑलिंपिक खेळला. त्या व्यवस्थेत एक गोष्ट उघड होती. नोकरी आधी, खेळ त्या नोकरीच्या आधाराने. दुखापत झाली तरी पगार चालू राही.

आता बोलावणं विद्यापीठांकडूनही येतं. त्यामागे कारण आहे. आंतरविद्यापीठ, राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांतल्या कामगिरीवर दरवर्षी एका विद्यापीठाला मौलाना अबुल कलाम आझाद करंडक दिला जातो. १९५६-५७ पासून ही प्रथा आहे. अमृतसरच्या गुरू नानक देव विद्यापीठाने तो वीसपेक्षा जास्त वेळा जिंकला आहे. अलीकडे मोठी खासगी विद्यापीठंही या शर्यतीत उतरली आहेत. टोकियो ऑलिंपिकमध्ये ४१ वर्षांनी हॉकीचं पदक आणणाऱ्या संघाचा कर्णधार मनप्रीत सिंग हा पंजाबातल्या एका खासगी विद्यापीठाचा विद्यार्थी होता. जाहिरातीला याहून मोठं नाव कुठलं मिळणार?

यात वाईट काही नाही. खेळाडूला फी माफ होते, चांगलं मैदान मिळतं, प्रशिक्षक मिळतो. पण एक लक्षात ठेवा. या करंडकाची गुणमोजणी पदकांवर होते. त्या विद्यापीठातल्या किती खेळाडूंनी पदवी पूर्ण केली, किती जण दुसऱ्या वर्षी गळाले, याला त्यात एकही गुण नाही. ज्या गोष्टीला गुण नसतात, तिच्याकडे कोण लक्ष देणार? मग ते लक्ष देणं तुमच्या-माझ्यावर येतं.

तिकडे काय करतात?

आपल्यापैकी अनेकांची मुलं, भाचे-पुतणे अमेरिकेत आहेत. तिथे विद्यापीठातला खेळ म्हणजे मोठा कारभार आहे. 'कॉलेज हॉकी' म्हटलं की तिथले लोक बर्फावरची हॉकी समजतात. आपली मैदानी हॉकी तिथे राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धेत फक्त मुली खेळतात. पण अभ्यासाचे नियम सगळ्या खेळांना सारखेच.

वरच्या श्रेणीच्या विद्यापीठातून खेळायचं असेल तर शाळेत ठरावीक १६ मुख्य अभ्यासक्रम पूर्ण केलेले असावे लागतात आणि त्यांत ४ पैकी किमान २.३ इतकी गुणसरासरी लागते. म्हणजे कितीही गोल मारा, इंग्रजी, गणित, विज्ञान चुकत नाही. प्रवेश मिळाला म्हणजे सुटलो असंही नाही. दुसरं वर्ष संपेपर्यंत पदवीचा ४० टक्के भाग, तिसऱ्या वर्षाअखेर ६० टक्के आणि चौथ्या वर्षाअखेर ८० टक्के भाग पूर्ण हवा. नाहीतर खेळाडू बाकावर. संघातले खेळाडू शिकत राहतात की नाही याचाही आकडा काढतात. १००० पैकी ९३० च्या खाली गेलेल्या संघाला हंगामाअखेरच्या स्पर्धांचं दार बंद होऊ शकतं.

तिथली विद्यापीठं आपला साखळीगट, म्हणजे कॉन्फरन्स, स्वतः निवडतात आणि सोडतातही. पैसा, प्रवास, टीव्हीवरचं प्रक्षेपण हे सगळं बघून. पण काही गट अभ्यासाच्या मोजमापावर उभे आहेत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन अशा आठ विद्यापीठांचा 'आयव्ही लीग' हा गट १९५४ च्या कराराने बांधला गेला. हे आठही जण खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत. आर्थिक मदत मिळते ती घरची परिस्थिती बघून. संघात घेतलेल्या मुलांचे गुण विद्यापीठातल्या इतर मुलांपेक्षा फार खाली नकोत, म्हणून त्यांनी एक निर्देशांक ठरवला आहे. त्यांच्यातले सहा संघ बर्फावरची हॉकी वेगळ्या गटात खेळतात. गट बदलला तरी आपलं मोजमाप ते सोबत घेऊन जातात.

तिथे सगळं आदर्श आहे असं मात्र समजू नका. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात जवळजवळ १८ वर्षं नावापुरते वर्ग चालले. वर्ग भरत नव्हता, प्राध्यापक शिकवत नव्हते, एक निबंध दिला की चांगली श्रेणी. २०१४ च्या चौकशी अहवालात ३१०० हून अधिक विद्यार्थ्यांनी त्याचा लाभ घेतल्याचं निघालं आणि त्यांत जवळपास निम्मे खेळाडू होते. एवढे नियम असूनही हे झालं. 'हजेरी लागून जाते' हे वाक्य तिकडेही कुणीतरी कुणाच्या तरी आईला ऐकवलंच असणार.

तरी एक फरक उरतोच. तिथे खेळायला मिळावं म्हणून गुण लागतात. आपल्याकडे खेळल्याबद्दल गुण मिळतात. महाराष्ट्र बोर्डात दहावी-बारावीच्या खेळाडूंना स्पर्धेच्या पातळीनुसार जास्तीत जास्त २५ पर्यंत वाढीव गुण दिले जातात. ती सवलत योग्यच आहे. पहाटे साडेपाचला मैदानावर गेलेल्या मुलाला दुपारच्या वर्गात डुलकी येते, हे आपण घरात बघतोच. पण सवलत म्हणजे शिक्षण नव्हे. गुणपत्रिकेवरचे वीस गुण वाढतात, डोक्यातलं गणित तेवढंच राहतं.

झोनचं गणित

आता आपल्याकडचा 'गट'. विद्यापीठांच्या स्पर्धा भारतीय विद्यापीठ संघ भरवतो. १९२५ पासून ही संस्था आहे. देशाचे चार विभाग केलेले आहेत: उत्तर, दक्षिण, पूर्व आणि पश्चिम. आधी विभागाची स्पर्धा, मग प्रत्येक विभागातले पहिले चार संघ अखिल भारतीय स्पर्धेत. अमेरिकेसारखी इथे विद्यापीठाला निवड नसते. ज्या भागात विद्यापीठ, तो विभाग.

छत्तीसगड पूर्व विभागात येतं आणि महाराष्ट्र पश्चिम विभागात. म्हणजे आमच्या दुर्गच्या हेमचंद यादव विद्यापीठातून खेळायचं तर समोर ओडिशा आणि झारखंडची विद्यापीठं. सुंदरगड, सिमडेगा, खुंटी या जिल्ह्यांतल्या मुली, ज्यांनी चालायला लागल्या तशी बांबूची स्टिक हातात घेतली. दिलीप तिर्की, निक्की प्रधान, सलीमा टेटे याच मातीतले. पुण्या-मुंबईला गेलं तर गाठ वेगळ्या संघांशी.

त्यामुळे काही हुशार पालक हिशेब मांडतात: "पूर्वेत टिकाव लागणार नाही, पश्चिमेत पाठवू, लवकर सर्टिफिकेट मिळेल." हिशेब अगदीच चुकीचा नाही, कारण त्या प्रमाणपत्राला खरंच किंमत आहे. पण त्यात दोन गोष्टी सुटतात. एक, तिथेही निवड चाचणी आहेच आणि मोठ्या विद्यापीठाच्या संघात जागा मिळवणं सोपं नसतं. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून तयार झालेल्या मुली तिथे आहेत. फलटण तालुक्यातल्या अक्षता ढेकळे, वैष्णवी फाळके, ऋतुजा पिसाळ या शेतकरी घरांतल्या मुली तिथूनच भारताच्या संघापर्यंत गेल्या. दोन, ताकदवान संघांशी खेळूनच खेळ सुधारतो. रांची किंवा संबलपूरच्या मुलींकडून हरलेला सामना फुकट जात नाही. विभाग बघून कॉलेज निवडणं म्हणजे परीक्षक सोपा आहे म्हणून विषय निवडण्यासारखं आहे. तीन वर्षांत परीक्षक बदलतो, विषय तोच राहतो.

स्टिक एकच, पगार वेगळा

मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते इथे. आपल्या भागातले बहुतेक पालक मुलांना खेळू देतात ते 'खेळातून नोकरी लागेल' या आशेवर. आशा खरी आहे. केंद्र सरकारच्या 'गट क' च्या सरळ भरतीत ५ टक्क्यांपर्यंत जागा खेळाडूंसाठी ठेवता येतात. महाराष्ट्रातही शासकीय नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे. आणि बिलासपूरला दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचं मुख्यालय असल्याने आपल्याकडच्या खेळाडूंचा डोळा रेल्वेवर असतोच.

पण रेल्वेच्या क्रीडा कोट्याची जाहिरात एकदा शांतपणे वाचा. खेळातल्या कामगिरीच्या अटी आहेतच, शिवाय शिक्षणाचीही अट आहे. लेव्हल १ च्या जागेला दहावी किंवा आयटीआय. लेव्हल २ आणि ३ ला सर्वसाधारणपणे बारावी. लेव्हल ४ आणि ५ ला पदवी. आता मूळ पगार बघा. लेव्हल १ चा १८,००० रुपयांपासून सुरू होतो, लेव्हल ५ चा २९,२०० पासून. दर महिन्याला ११,२०० रुपयांचा फरक, तोही फक्त मूळ पगारात. महागाई भत्ता त्यावर धरला की अंतर आणखी वाढतं. वरच्या लेव्हलला खेळही वरच्या दर्जाचा लागतो हे खरं. पण तो दर्जा गाठलेली मुलगी पदवी नाही म्हणून खाली राहिली, तर तो तोटा तिला निवृत्तीपर्यंत भरावा लागतो. खेळणं साधारण तिशीपर्यंत. नोकरी साठीपर्यंत. मधली तीस वर्षं तिच्या हातात स्टिक नसते. तेव्हा तिच्या टेबलावर फाइल असते आणि ती वाचता आली पाहिजे.

आणि नोकरी सगळ्यांना मिळत नाही, हेही मनाशी ठेवायला हवं. भारताच्या संघात एका वेळी असतात किती जणी? बाकीच्यांनी काय करायचं? त्यांना पदवी हवी, आणि ती अशी हवी की तिच्यावर पुढे काही उभं राहील.

फोन ठेवण्याआधी विचारायचे पाच प्रश्न

त्या दिवशी आम्ही तिघींनी बसून कागदावर प्रश्न काढले. तुम्हालाही उपयोगी पडतील म्हणून देते.

१. कोर्स कोण निवडणार? मुलीला गणित घ्यायचं असेल तर घेता येईल का, की खेळाडूंसाठी ठरावीकच अभ्यासक्रम आहेत? सरावाच्या वेळा आणि प्रयोगशाळेच्या वेळा एकमेकींवर येतात का?

२. स्पर्धेला गेलेले दिवस हजेरीत अधिकृतपणे धरतात का? 'लागून जाते' हे उत्तर नव्हे. बहुतेक विद्यापीठांत ७५ टक्के हजेरीचा नियम असतो. खेळाडूला त्यात सवलत कशी देतात, हे लेखी असावं. स्पर्धा बहुधा थंडीच्या दिवसांत येतात आणि सत्र परीक्षाही त्याच सुमाराला. पेपर बुडाला तर पुन्हा कधी घेणार, तेही विचारा.

३. दुखापत झाली तर? गुडघा किंवा घोटा गेला आणि वर्षभर खेळता आलं नाही, तर फी माफी चालू राहील की पुढच्या सत्राची फी आपल्याला भरावी लागेल?

४. गेल्या तीन वर्षांत या संघातल्या किती मुलींनी पदवी पूर्ण केली? आकडा मागा. शक्य असेल तर संघातल्या एखाद्या मुलीच्या आईशी बोला. प्रशिक्षक सांगणार नाहीत ते आई सांगते.

५. प्रमाणपत्रं कोण देणार? केंद्राच्या क्रीडा भरतीत ठरावीक नमुन्यातली प्रमाणपत्रं लागतात. आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी 'फॉर्म ३', शालेय राष्ट्रीय स्पर्धेसाठी 'फॉर्म ४'. नुसतं रंगीत छापील सर्टिफिकेट पुरत नाही. ज्या वर्षी खेळली त्याच वर्षी फॉर्म भरून, सही-शिक्क्यासह घेऊन ठेवा. पाच वर्षांनी सही करणारा अधिकारी बदललेला असतो.

आणखी एक. आंतरविद्यापीठ स्पर्धेला नियमित, पूर्णवेळ विद्यार्थीच चालतो. "घरी राहून दूरशिक्षणाने पदवी करू आणि विद्यापीठातून खेळू" असा बेत असेल तर आधीच सोडून द्या. वयाचीही मर्यादा असते, त्यामुळे 'एक वर्ष थांबून बघू' म्हणताना ती तपासा.

रस्ते आहेत, ते वापरा

आता धीराचं बोलू. खेळणाऱ्या मुलांसाठी शिक्षणाच्या व्यवस्थेत काही सोयी झाल्या आहेत, पण आपण त्या विचारत नाही. सीबीएसईच्या शाळेतलं मूल मान्यताप्राप्त राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत असेल आणि पेपर बुडत असेल, तर शाळेमार्फत आधी अर्ज केल्यास बोर्ड नंतर परीक्षा घेतं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयात एकदा नोंदणी केली की पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, एकेक विषय सुटा देता येतो. नव्या शैक्षणिक धोरणात क्रेडिट बँक आली आहे. मिळवलेली क्रेडिट्स साधारण सात वर्षं जमा राहतात, म्हणजे शिबिरासाठी वर्षभर थांबलेल्या मुलीला पहिल्यापासून सुरुवात करावी लागू नये, अशी कल्पना. 'खेलो इंडिया' योजनेत निवड झालेल्या खेळाडूला महिन्याला १०,००० रुपये हातखर्च मिळतो, त्यातून एखादी शिकवणी सहज निघते.

आणि अभ्यास व खेळ एकत्र जाऊच शकत नाहीत असं म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण. आयआयटी मद्रासने २०२४-२५ पासून पदवीच्या प्रत्येक अभ्यासक्रमात दोन जादा जागा खेळाडूंसाठी ठेवल्या, त्यांतली एक मुलीसाठी. हॉकी त्या यादीत आहे. पण जेईई ॲडव्हान्स्डच्या गुणवत्ता यादीत नाव असायलाच हवं. खेळाने रांगेत पुढे जाता येतं, परीक्षा मात्र चुकत नाही. सगळ्यांना आयआयटीला जायचं नसतं, हे मलाही कळतं. पण मला ती रचना आवडली. खेळाडूला अभ्यास झेपणार नाही, असं त्यांनी आधीच ठरवून टाकलेलं नाही.

आपण मात्र घरात नकळत ते ठरवून टाकतो. मुलगी मैदानावर चमकली की "तिला अभ्यासाचं जमत नाही हो" असं कौतुकानेच म्हणतो. चार पाहुण्यांसमोर म्हणतो. ती ते ऐकते. मग कुणी फोनवर 'हजेरी लागून जाते' म्हणालं की तिला त्यात वावगं वाटत नाही, कारण तेच आपण तिला वर्षानुवर्षं सांगत आलेलो असतो. अमेरिकेतला २.३ चा नियम आपल्या घरात कुणी आणून देणार नाही. घरातला नियम आपणच करायचा. आमच्या या वहिनींनी केला तो साधाच आहे: सराव कितीही असो, रोज एक तास पुस्तक. स्पर्धेच्या गावीही पिशवीत एक पुस्तक. उघडलं नाही तरी चालेल, पण पिशवीत असलं पाहिजे. हॉकीच्या बॅगेत त्याला जागा करताना तरी त्याची आठवण होते.

मग काय ठरलं?

दुसऱ्या दिवशी मुलीच्या आईने माझ्यासमोरच फोन लावला. पहिल्या दोन प्रश्नांना उत्तरं गोड मिळाली. तिसरा प्रश्न तिने विचारला, "माझ्या मुलीचा पाय दुखावला तर फी कोण भरणार?" पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग "विचारून कळवतो" असं उत्तर आलं. आठ दिवस झाले, अजून कळवलेलं नाही.

मुलगी रुसली होती. दोन दिवस आईशी बोलली नाही. मला तिचंही पटतं. अठराव्या वर्षी कुणीतरी आपल्याला फुकट बोलावतंय, आपलं नाव विचारतंय, ही केवढी मोठी गोष्ट असते! ती फोडताना आईला काय वाटलं असेल, तेही मला दिसत होतं. तिसऱ्या दिवशी मुलगी स्वतः आली आणि म्हणाली, "काकू, तो प्रश्नांचा कागद द्या. पुण्याच्या दोन कॉलेजांना आणि इथल्या सायन्स कॉलेजला मीच फोन करते." दुर्गच्या विश्वनाथ यादव तामस्कर महाविद्यालयाला आम्ही सगळे अजून सायन्स कॉलेजच म्हणतो. तिथे गणित आहे, घरापासून सायकलचं अंतर आहे, आणि समोर पूर्व विभागातल्या तगड्या मुली आहेत.

ती कुठे जाईल मला माहीत नाही. अजून तिचंही ठरलेलं नाही. पुण्याला गेली तरी चांगलं, दुर्गात राहिली तरी चांगलं. कदाचित ते दूरचं विद्यापीठही पाचही प्रश्नांची लेखी उत्तरं पाठवील, मग तिथेही जावं. पण यावेळी प्रश्न तीच विचारते आहे आणि उत्तरं वहीत लिहून घेते आहे.

तुमच्या घरात खेळणारं मूल असेल तर वरचे पाच प्रश्न लिहून फ्रिजवर लावा. आणि मुलांना खेळाच्या जोरावर कॉलेजला पाठवलेल्या पालकांनी आपला अनुभव जरूर कळवा. चांगला असो वा वाईट, पुढच्या आईला तो उपयोगी पडेल.

पुढच्या महिन्यात भेटू.